न उडालेल्या इंजिनाचा माणूस

सात वेळा अवकाशात जाऊन आलेल्या एका शास्त्रज्ञाचं स्वतःचं इंजिन मात्र अजून जमिनीवरच आहे. दर एप्रिलला अप्रेझलची वाट बघणाऱ्या तुम्हा-आम्हाला हे करिअर झेपेल?

तुमच्या सीव्हीवर एका जागी टिकून केलेली सगळ्यात लांब नोकरी किती वर्षांची आहे? माझी तीन वर्षं दोन महिन्यांची. त्यातले शेवटचे आठ महिने मी 'बस्स झालं आता' म्हणत काढले. आमच्या टीममध्ये मी तरी बरी. एक पठ्ठ्या सहा वर्षांत पाच कंपन्या फिरलाय, दर वेळी घसघशीत हाइक घेऊन. त्याला आम्ही गुरू मानतो. कँटीनमध्ये त्याच्या टेबलावर जागा मिळत नाही.

आता हा दुसरा माणूस बघा. १९७९ च्या सुमाराला त्याच्या डोक्यात एका इंजिनाची कल्पना आली. नोकरी सांभाळून तो त्यावर काम करत राहिला. २००५ मध्ये त्यासाठी त्यानं नोकरी सोडली (साधी नाही हं, नासातली!) आणि स्वतःची कंपनी काढली. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्याला पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. आणि ते इंजिन? ते अजून एकदाही अवकाशात गेलेलं नाही.

गंमत म्हणजे तो स्वतः मात्र सात वेळा जाऊन आलाय.

फ्रँकलिन चँग-डियाझ हे त्याचं नाव. आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. नील आर्मस्ट्राँग माहीत असतो, कल्पना चावला माहीत असते, हा नसतो. मलाही माहीत नव्हता. मी त्याच्या मागे लागले त्याला कारण आहे माझा मावसभाऊ.

आमचं घर बीड जिल्ह्यातलं. मी परळीची, मावशी अंबाजोगाईला. मावसभावानं फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं आणि यंदा उन्हाळ्यात त्याच्या हातात दोन पत्रं आली. एक पुण्यातल्या आयटी कंपनीचं. दुसरं एका संशोधन संस्थेचं, प्लाझ्मा फिजिक्समधल्या पीएच.डी.साठी. पोरगं म्हणे, दुसरं घेणार. त्याला प्लाझ्मावर चालणारी अवकाशयानाची इंजिनं करायची आहेत. घरात हे ऐकून सगळे गप्प. मग नेहमीप्रमाणे फोन आला तो पुण्याला, मला. "तू शहरात राहतीस बाई, तूच समजाव त्याला. प्लाझ्मा तर ते रक्तात असतंय ना? त्याचं काय इंजिन करायलाय हा?"

समजवायचं म्हणजे आधी आपल्याला समजायला पाहिजे. म्हणून मी वाचायला बसले. या धंद्यात अख्खं आयुष्य घालवणारं कुणी आहे का, आणि असेल तर त्याचं पुढे झालं काय, एवढंच मला बघायचं होतं.

पन्नास डॉलर आणि वन-वे तिकीट

चँग-डियाझचा जन्म ५ एप्रिल १९५० चा, कोस्टारिकाची राजधानी सान होसेमधला. कोस्टारिका म्हणजे मध्य अमेरिकेतला छोटासा देश. कॉफी, केळी, ज्वालामुखी. १९४८ मध्ये त्या देशानं स्वतःचं सैन्यच बरखास्त करून टाकलं. जिथं रणगाडा नाही तिथं रॉकेट कुठून असणार? पण स्पुटनिक उडाल्यानंतर जगभरची पोरं आकाशाकडे बघायला लागली, तसा हाही लागला. आडनावातला 'चँग' वडिलांकडच्या चिनी पूर्वजांचा, 'डियाझ' आईकडचा.

शाळा संपल्यावर त्यानं काही महिने बँकेत नोकरी केली, थोडे पैसे जमवले आणि १९६८ मध्ये अमेरिकेचं एका बाजूचं तिकीट काढलं. खिशात पन्नास डॉलर. कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्डमध्ये लांबचे नातेवाईक होते, त्यांच्याकडे उतरला. इंग्रजी येत नव्हतं, म्हणून पुन्हा हायस्कूलमध्ये जाऊन बसला! आपल्याकडे बारावी झालेला पोरगा भाषेसाठी परत वर्गात बसेल? मराठी मीडियमवाल्यांनो, पुण्यातल्या पहिल्या ग्रुप डिस्कशनचा दिवस आठवा. मला तर घशाला पडलेली कोरड आजही आठवते.

मग स्कॉलरशिपची भानगड. ती फक्त अमेरिकन नागरिकांसाठी होती आणि कुणीतरी याला प्वेर्तो रिकोचा समजून दिली होती. चूक कळल्यावर ती हातातून गेलीच. शेवटी राज्यानं अपवाद म्हणून एका वर्षापुरती मदत दिली. तेवढ्यावर तो युनिव्हर्सिटी ऑफ कनेक्टिकटमध्ये शिरला. बाकीची कसर प्रयोगशाळेत काम करून भरून काढली. १९७३ मध्ये मेकॅनिकल इंजिनीअर झाला आणि १९७७ मध्ये एमआयटीतून डॉक्टरेट. विषय उपयोजित प्लाझ्मा भौतिकी. म्हणजे आमच्या मावसभावाचाच म्हणायचा.

सूर्यात जी अणुसंमीलनाची ऊर्जा तयार होते ती पृथ्वीवर आणायची, या ध्यासात तेव्हा सगळे प्लाझ्मावाले होते. चँग-डियाझही त्यातच काम करत होता. त्या अणुभट्ट्यांमध्ये लाखो अंश तापलेला प्लाझ्मा चुंबकाच्या जोरावर कोंडून ठेवतात. यानं उलटा विचार केला. कोंडायचा कशाला? एका बाजूनं सोडून दिला तर?

बैलगाडीतला कडबा

इथं थोडं फिजिक्स. घाबरू नका, अंबाजोगाईत मावशीला समजलंय.

बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला जातात. पूर्वी हा प्रवास बैलगाडीचा असे. गाडीत संसार आणि बैलांसाठी कडबा. आता कल्पना करा, वाटेत कुठंच चारा मिळणार नाही. मग लांबच्या पल्ल्याला जास्त कडबा लागणार. जास्त कडब्याचं वजन ओढायला बैल जास्त खाणार, त्यासाठी आणखी कडबा. एक वेळ अशी येते की गाडीत कडबाच कडबा, माणसांना बसायला जागा नाही. रॉकेटचं दुखणं नेमकं हेच. श्रीहरिकोट्याहून उडताना जो अवाढव्य सांगाडा दिसतो त्यातलं बहुतेक वजन इंधनाचं असतं. उपग्रह म्हणजे वरच्या टोकातली पिशवी.

यावर उपाय एकच. मागे जे फेकायचं ते जास्त जोरात फेकायचं. चांगल्यात चांगल्या रासायनिक इंजिनातून वायू सेकंदाला साधारण साडेचार किलोमीटर वेगानं बाहेर पडतो. जाळून यापेक्षा फार जास्त मिळत नाही. रसायनातच तेवढा दम असतो. पण वायूला विजेनं तापवलं किंवा ढकललं तर हाच वेग वीस, तीस, पन्नास किलोमीटरवर नेता येतो. पन्नासचा वेग मिळाला तर तेवढ्याच रेट्याला इंधन लागतं साधारण एक अकरांश. कडब्याच्या अकरा पेंढ्यांच्या जागी एक!

प्लाझ्मा म्हणजे इतका तापलेला वायू की त्याच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात. ट्यूबलाइटमध्ये असतो, आकाशातल्या विजेत असतो, वेल्डिंगच्या ठिणगीजवळ असतो. सुटे विद्युतभार असल्यामुळे तो चुंबकाचं ऐकतो. चँग-डियाझच्या इंजिनाचा सगळा फंडा यावरच आहे. त्याचं नाव व्हॅसिमिर. पूर्ण नाव लांबलचक आहे, ते सोडा. त्यात आरगॉन वायू सोडतात. पहिल्या टप्प्यात रेडिओ लहरींनी त्याचा प्लाझ्मा करतात. दुसऱ्या टप्प्यात वेगळ्या रेडिओ लहरी. नागपंचमीच्या झोक्याला बरोबर वेळेवर धक्का दिला की झोका कसा चढत जातो? तसंच इथं. चुंबकीय क्षेत्रात गोल फिरणाऱ्या कणांना त्यांच्या फिरण्याच्या तालावर धक्के द्यायचे, म्हणजे तापमान चढत चढत दहा लाख अंशांच्या घरात जातं. तिसऱ्या टप्प्यात चुंबकीय क्षेत्र पसरट होत जातं आणि गोल फिरणारे कण सरळ मागे धावतात. कुठलाही धातू त्या आगीला शिवत नाही, त्यामुळे झिजत नाही.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे गिअर. हो, या इंजिनाला गिअर आहेत! मांजरसुंब्याच्या घाटात एसटीचा ड्रायव्हर कसा गिअर पाडतो, गाडी हळू पण ताकद जास्त? तसंच इथं वीज तेवढीच ठेवून रेटा वाढवता येतो, त्या बदल्यात इंधन जास्त जातं. मोकळ्या अवकाशात उलटं करायचं. इतर विजेवरच्या इंजिनांना हे इतकं सहज जमत नाही.

शंभर गीझर आणि अर्धा किलो साखर

तर मग घोडं अडलं कुठं?

रेट्यापाशी. २००९ मध्ये त्याच्या कंपनीनं, अॅड अॅस्ट्रानं, व्हीएक्स-२०० हे मॉडेल २०० किलोवॅट विजेवर चालवून दाखवलं. पुढे त्यातून ५.७ न्यूटनचा रेटा मिळाला. ऐकायला भारी वाटतं ना? तुमच्या बाथरूममधल्या दोन किलोवॅटच्या गीझरसारखे शंभर गीझर एकदम लावा. त्या सगळ्या विजेच्या बदल्यात अर्धा किलोपेक्षा जरा जास्त साखर हातावर पेलता येईल, एवढाच तो जोर. पृथ्वीवरून असं इंजिन स्वतःलासुद्धा उचलू शकत नाही. मी हे मावशीला सांगितलं तेव्हा ती खूप हसली. तिच्या बाजूनं तो शेवटचा मुद्दा होता.

पण अवकाशात कुणी आडवत नाही. ना हवा, ना रस्ता. रेटा लहान असला तरी तो महिनोन्‌महिने देत राहिलं की वेग साठत जातो. हे हवेतलं बोलणं नाही. नासाचं 'डॉन' यान २००७ मध्ये निघालं. त्याच्या आयन इंजिनाचा रेटा हातावर ठेवलेल्या कागदाच्या वजनाइतका. शून्यापासून ताशी शंभर किलोमीटर गाठायला या यानाला चार दिवस लागायचे! एवढ्या वेळात आपण पुण्याहून परळीला चार-पाच वेळा जाऊन येऊ. तरीही ४२५ किलो झेनॉनच्या भरवशावर ते २०११ मध्ये व्हेस्टाला पोचलं, तिथं वर्षभर फिरलं, तिथून निघून २०१५ मध्ये सेरेसला गेलं. पृथ्वीपलीकडच्या दोन वेगवेगळ्या गोलांभोवती फिरलेलं ते पहिलं यान.

आयन इंजिनाची चाचणी अवकाशात १९६४ मध्येच झाली होती. सोव्हिएत रशियानं सत्तरीच्या सुरुवातीपासून त्याचं भावंडं असलेलं हॉल थ्रस्टर उडवलं. आज स्टारलिंकच्या हजारो उपग्रहांवर हॉल थ्रस्टरच आहेत. म्हणजे विजेवरची इंजिनं चालतात, विकली जातात, त्यात पोटापाण्याची सोय आहे. चँग-डियाझचं इंजिन त्यांच्यापेक्षा खूप मोठ्या विजेसाठी आहे. आणि एवढी वीज अवकाशात अजून कुणाकडे नाही. दुकान टाकलं, पण रस्ताच आलेला नाही, असं काहीसं.

दिवसा अंतराळवीर, रात्री इंजिन

१९८० मध्ये नासानं त्याला अंतराळवीर म्हणून निवडलं. पहिलं उड्डाण जानेवारी १९८६ मध्ये, कोलंबिया शटलमधून. त्या क्रूमध्ये चार्ल्स बोल्डन आणि बिल नेल्सन होते. पुढे दोघंही नासाचे प्रमुख झाले. अशी टीम असल्यावर लिंक्डइनची गरज काय! कोलंबिया १८ जानेवारीला उतरलं. दहा दिवसांनी चॅलेंजर आकाशात फुटलं, सातही जण गेले. असं झाल्यावर माणूस विचार बदलतो. चँग-डियाझ त्यानंतर आणखी सहा वेळा गेला.

१९८९ मध्ये त्याच्या शटलनं गुरूकडे जाणारं गॅलिलिओ यान सोडलं. १९९२ आणि १९९६ अशा दोन्ही वेळा तो एका विचित्र प्रयोगावर होता. शटलपासून लांब तारेवर एक उपग्रह सोडायचा आणि त्या तारेत वीज तयार होते का बघायचं. पहिल्या वेळी ती तार २५६ मीटरवरच अडकली. दुसऱ्या वेळी १९ किलोमीटरपेक्षा जास्त उलगडली, वीजही तयार झाली, आणि मग तार तुटून उपग्रह निघून गेला. २००२ मध्ये शेवटचं उड्डाण. त्यात त्यानं आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाबाहेर तीन वेळा स्पेसवॉक केला. एकूण १,६०० तासांहून जास्त वेळ अवकाशात. सात उड्डाणांचा विक्रम त्याच्या आणि जेरी रॉसच्या नावावर आहे.

आणि हे सगळं चालू असताना इंजिन! आधी एमआयटीच्या प्रयोगशाळेत, मग १९९३ पासून ह्यूस्टनला नासाच्याच जॉन्सन स्पेस सेंटरमध्ये त्यानं यासाठी वेगळी प्रयोगशाळा उभी केली आणि २००५ पर्यंत चालवली. आपण ज्याला 'साइड प्रोजेक्ट' म्हणतो ते वीकेंडला दोन तास करून सोडून देतो. याचा साइड प्रोजेक्ट पंचवीस वर्षं चालला आणि मग मेन झाला.

२००८ च्या शेवटी नासाशी करार झाला. व्हॅसिमिर थेट अवकाश स्थानकावर बसवायचं. तिथं एवढी वीज नाही, म्हणून बॅटऱ्या हळूहळू भरून घ्यायच्या आणि पंधरा पंधरा मिनिटं इंजिन चालवायचं. स्थानकाला वर ढकलायचं कामही होईल. वाचताना मला वाटलं, चला, आता उडणार! नाही उडलं. ती योजना बारगळली. २०१५ मध्ये नासानं त्याऐवजी जमिनीवरच्या कामाला तीन वर्षांसाठी सुमारे ९० लाख डॉलर दिले. लक्ष्य होतं १०० किलोवॅटवर सलग १०० तास. २०२१ च्या जुलैमध्ये ८० किलोवॅटवर सलग ८८ तास इंजिन चाललं. त्या ताकदीच्या इंजिनासाठी तो विक्रम होता. पण पूर्ण शंभर नाहीत. हे वाचून मला जरा पोटात कालवलं. चाळीस वर्षं घालून माणूस शंभराच्या आत बारा तासांवर उभा!

परळीचा एक संच मंगळावर न्यायचा?

आता टीकाकारांचं ऐकू. एकाच बाजूचं सांगितलं तर मावशी मला सोडायची नाही.

व्हॅसिमिरच्या नावावर सगळ्यात गाजलेली गोष्ट म्हणजे 'मंगळावर ३९ दिवसांत'. आजच्या रॉकेटनं सहा ते नऊ महिने लागतात. ३९ दिवस म्हणजे दिवाळी ते नाताळ. वर्तमानपत्रांनी हा आकडा उचलून धरला. पण त्या हिशोबात यानावर २०० मेगावॅट वीज धरलेली आहे. २०० मेगावॅट म्हणजे किती, हे परळीच्या माणसाला वेगळं सांगायला नको. आमच्या थर्मलचे नवे संच प्रत्येकी २५० मेगावॅटचे. आमच्या लहानपणी गावात कुठूनही दिसायच्या त्या चिमण्या, ते कूलिंग टॉवर, ती कोळशाची मालगाडी. त्यातला जवळपास एक अख्खा संच अवकाशात न्यायचा. कोळशावर नाही, अणुऊर्जेवर, मान्य. पण २०१५ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून परळीचं थर्मल बंद ठेवावं लागलं होतं. गरम झालेलं काहीतरी थंड करायला काहीतरी लागतंच. अवकाशात तर ना पाणी ना हवा, उष्णता नुसती प्रकाशासारखी बाहेर फेकायची, त्यासाठी प्रचंड मोठे पत्रे. अमेरिकेनं आजवर एकच अणुभट्टी कक्षेत सोडलीय, १९६५ मध्ये. तिची वीज साधारण अर्धा किलोवॅट. एक मिक्सर चालला असता.

मंगळ मोहिमांचे कट्टर पुरस्कर्ते रॉबर्ट झुब्रिन यांनी २०११ मध्ये लेख लिहून व्हॅसिमिरला चक्क थोतांड म्हटलं. इतकी हलकी आणि इतकी ताकदवान अणुभट्टी अस्तित्वातच नाही, तर तिच्या भरवशावर स्वप्नं विकू नका, हा त्यांचा मुद्दा. मंगळाला जायला असल्या इंजिनाची गरजच नाही, असंही त्यांचं म्हणणं.

माझं मत विचाराल तर ३९ दिवसांबद्दल झुब्रिन बरोबर आहेत. तो आकडा म्हणजे ब्रोशरवरच्या 'स्टेशनपासून पाच मिनिटं'सारखा. शक्य आहे, पण कुठल्या गाडीनं ते विचारायचं नाही. थोतांड हा शब्द मात्र मला पटत नाही. इंजिन खरं आहे, चालतं, मोजमाप झालेलं आहे. चंद्राकडे सावकाश माल ओढून नेणारी मालगाडी म्हणून १००-२०० किलोवॅटमध्ये, सौरऊर्जेवरही, ते कामाचं ठरू शकतं. चँग-डियाझची कंपनीही हे बोलत आलीय. ते कुणी हेडलाइनला घेतलं नाही, एवढंच.

शिवाय या माणसानं कोस्टारिकात, लिबेरिया नावाच्या गावात, आपल्या कंपनीची प्रयोगशाळा काढली. राजधानीत नाही, गुरं राखणाऱ्यांच्या प्रांतात. तिथल्या इंजिनीअर पोरांनी प्लाझ्मावर काम केलं, हायड्रोजनवर चालणारी बसही रस्त्यावर आणली. कल्पना करा, कुणी ह्यूस्टनहून येऊन केजला किंवा धारूरला व्हॅक्यूम चेंबर बसवतोय. मला तर या सगळ्या गोष्टीत ही प्रयोगशाळाच सगळ्यात मोठी वाटली. इंजिनापेक्षाही.

आपल्याकडे काय?

मराठी माणूस आणि रॉकेट म्हटलं की वसंत गोवारीकर आठवतात. तेही इंग्लंडमधलं चांगलं चाललेलं काम सोडून १९६७ मध्ये थुंब्याला आले आणि रॉकेटच्या घन इंधनावर उभे राहिले. १८ जुलै १९८० ला एसएलव्ही-३ यशस्वी झालं तेव्हा ते विक्रम साराभाई स्पेस सेंटरचे संचालक होते. तेरा वर्षांत फळ दिसलं. पण ते जाळायचं इंधन. विजेवरच्या इंजिनात आपण उशिरा उतरलो आणि सुरुवात फार वाईट झाली. एप्रिल २०१० मध्ये जीसॅट-४ वर असे थ्रस्टर बसवले होते, तो उपग्रह रॉकेटसकट समुद्रात गेला. पुढचा खरा टप्पा यायला मे २०१७ उजाडला. जीसॅट-९, म्हणजे साउथ एशिया सॅटेलाइट. त्यावर विजेवरचे थ्रस्टर चालले. मार्च २०२५ मध्ये इस्रोनं स्वतः तयार केलेल्या ३०० मिलिन्यूटनच्या प्लाझ्मा थ्रस्टरची हजार तासांची चाचणी पूर्ण केल्याचं जाहीर केलं. हजार तास म्हणजे सलग चाळीसेक दिवस. खासगीत बेंगळुरूची बेलाट्रिक्स एरोस्पेस आहे. त्यांच्या हॉल थ्रस्टरचा महत्त्वाचा भाग १ जानेवारी २०२४ च्या पीएसएलव्ही उड्डाणात, रॉकेटच्या उरलेल्या चौथ्या टप्प्यावर बसून वर जाऊन आला. हा टप्पा आता प्रयोगांसाठी वापरायला देतात, ही लहान कंपन्यांसाठी लॉटरीच.

शिकायचं कुठं? तिरुअनंतपुरमला आयआयएसटी आहे, गांधीनगरजवळ इन्स्टिट्यूट फॉर प्लाझ्मा रिसर्च आहे, मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्र. आपल्या पुणे विद्यापीठाच्या फिजिक्स विभागातही प्लाझ्मावर वर्षानुवर्षं काम होत आलंय. पगाराचं विचारणार, माहितेय. २०२३ पासून ज्युनिअर रिसर्च फेलोला महिना ३७ हजार अधिक घरभाडं. इस्रोत सुरुवातीच्या शास्त्रज्ञाचा मूळ पगार सातव्या वेतन आयोगात ५६,१००. आमच्या कँटीनच्या गुरूला हे आकडे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे माझा ईएमआय." आणि पुढचा घास घेतला.

मावशीला मी हे सगळं सांगितलं. चॅलेंजर सांगितलं, ८८ तास सांगितले, झुब्रिनही सांगितले. लपवलं काहीच नाही. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ह्याचं इंजिन उडायला किती वर्षं लागतील?" काका मधेच बोलले, "नगर-बीड-परळी रेल्वे मंजूर झाली १९९५ ला. बीडला गाडी आली २०२५ च्या सप्टेंबरात. परळीचं अजून बघायलोत. आपल्याला काय वाट बघायचं नवं हाय का?" मावशीनं त्यांच्याकडे असं बघितलं की फोनवर मलाही कळलं.

मावसभाऊ ऑगस्टमध्ये गेला. एक बॅग, प्रेशर कुकर आणि डबाभर शेंगदाण्याची चटणी घेऊन. मी विचारलं, कामाला काय दिलंय, प्लाझ्मा बघितलास का? म्हणाला, "ताई, प्लाझ्मा लांब राहिला. आधी चेंबरमधली हवा पूर्ण काढावी लागते आणि आमच्या चेंबरला कुठंतरी बारीक गळती आहे. ती शोधायलोय." हे सांगितलं त्याला दोन आठवडे झाले. काल मेसेज केला होता. अजून सापडलेली नाही.